बोआस भाऊजींनी उलटी केली तो उन्हाळा

बोआस भाऊजींना कशाचीच किळस येत नसे. एकदा आमच्या किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला आणि उन्हात फुगून फुटला. सगळं गाव नाकाला हात लावून लांब उभं राहिलं, आणि भाऊजी कंबरेपर्यंत त्याच्या पोटात उतरून कुत्र्यांसाठी चांगली चरबी शोधत बसले. हिवाळ्यात शाळेचा सांडपाण्याचा पाइप गोठला की पहिला फोन त्यांनाच जायचा. माझी थोरली बहीण ताबेआ त्यांची बायको. ती त्यांना घरात पाऊल टाकू देत नसे. दारातच सगळे कपडे काढायला लावायची, आणि तेवढ्या थंडीत ते उघडेबंब उभे राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस करायचे.

"देवानं तुला नाक दिलंय ते फक्त चष्मा ठेवायला," ताई म्हणायची.

त्यावर ते हसायचे. मोठा, शांत माणूस. चर्चच्या बँडमध्ये सगळ्यात मोठं पितळी वाद्य त्यांच्याकडे असे, कारण सणाला बँड चर्चच्या छपरावरून वाजतो, आणि ते तिथवर उचलून नेण्याची ताकद दुसऱ्या कुणात नव्हती. लाब्राडोरच्या उत्तरेकडच्या या किनाऱ्यावर त्यांना ठाऊक नसलेली खाडी नव्हती. वडिलांबरोबर ते लहानपणापासून सील मारत आले होते. मारलेल्या जनावराचा तुकडासुद्धा वाया जाता कामा नये, हे त्यांना कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. आमच्याकडे ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. भाऊजी पाळायचेही.

पांढऱ्या जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा भाऊजी पन्नाशीत होते. त्याआधी मोठी जहाजं यायची ती मासळीची नाही तर डिझेलची. हे आलं ते माणसं घेऊन. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाची पिवळी जाकिटं, गळ्यात दुर्बिणी, आणि तोंडात एकच प्रश्न, अस्वल कुठं दिसेल? उत्तरेच्या निर्जन किनाऱ्यानं आठवडाभर जायचं, पक्षी, देवमासे, सील बघायचे, आणि पांढरं अस्वल दिसलं की पैसे वसूल, असा तो प्रवास. जमिनीवर उतरताना बंदूकवाला सोबत लागतो, म्हणून आमच्या गावातली काही माणसं त्यांनी कामावर घेतली. भाऊजी त्यांतले पहिले.

जहाजावरच्या सफरींचा प्रमुख डंकन नावाचा माणूस होता. तो कुणालाही आवडेल असाच होता. त्यानं आमच्या भाषेतला आभाराचा एक शब्द शिकून घेतला होता, "नाकुम्मेक". तो शब्द तो सगळ्यांना म्हणायचा. मला म्हणायचा, पाद्रींना म्हणायचा, वाटेतून बाजूला झालेल्या कुत्र्यालाही म्हणायचा. गावप्रमुख झकारियास हा भाऊजींचा चुलतभाऊ. त्याला डंकनचं फार कौतुक. जहाज आलं की सभागृहात कार्यक्रम व्हायचा. बँड वाजायचा, आम्ही बायका पाव, जॅम आणि चहा मांडायचो, आणि पाहुणे आमचे फोटो काढायचे.

पहिला उन्हाळा बरा गेला. एकदा एका खडकावर भाऊजींनी ताजा सील कापला आणि ज्यांना हवं त्यांना काळजाचा तुकडा दिला. एका पाहुणीनं तो तोंडात घातला आणि तिथंच ओकली. बाकीचे लाजून इकडंतिकडं बघायला लागले. भाऊजींनी तिची पाठ चोळली, समुद्राच्या पाण्यानं तिचं जाकीट धुऊन दिलं, आणि घरी येऊन आम्हाला सांगितलं की बिचारी फार धीराची होती, निदान तोंडात तरी घातलं. त्यांना त्यात अपमान वाटला नाही. ज्याला सवय नाही त्याला नाही, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या उन्हाळ्यात बर्फ लवकर गेला आणि अस्वलं वर उत्तरेला निघून गेली. दोन फेऱ्या कोरड्या गेल्या. पाहुणे जेवणाच्या वेळी कुरकुर करत होते, एकानं तर भाऊजींनाच सुनावलं की एवढ्या लांब आम्ही दगड बघायला आलो नाही. मग एके दिवशी डंकननं भाऊजींना बाजूला घेतलं आणि दर फेरीला दोन-तीन सील मारून देशील का, असं विचारलं. पाहुण्यांना चव द्यायची आहे, म्हणाला. भाऊजींना बरं वाटलं. त्यांनी चांगले जाडजूड सील निवडून मारले आणि जहाजावर चढवले.

त्यानंतर अस्वलं दिसायला लागली. दर फेरीला आणि एकाच खाडीत. पाहुणे रबरी होड्यांतून तिथं जायचे आणि किनाऱ्यावर अस्वल हजर असायचं. लोक रडायचे, एकमेकांना मिठ्या मारायचे. जहाजावर शॅम्पेन फुटायची. भाऊजींना मात्र एक गोष्ट खटकत होती. जेवणाच्या टेबलावर सील कधी येतच नव्हता, आणि त्या खाडीवर गलपक्ष्यांचा एवढा थवा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्यांनी डंकनला विचारलं. उरलंसुरलं पक्ष्यांना टाकतो, तो म्हणाला, आणि खांद्यावर हात ठेवून नाकुम्मेक म्हणाला.

पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशी भाऊजी आपली होडी घेऊन एकटेच त्या खाडीत गेले. तिथं काय पाहिलं ते त्यांनी नंतर मला सांगितलं. सांगताना ते सारखे हात पँटला पुसत होते. खडकाच्या कपारीत जाळीची मोठी पोती निळ्या दोरीनं बांधलेली होती, जहाजावरच्या दोरीनं. अस्वलानं खाणं उचलून पळून जाऊ नये, तिथंच फोडत बसावं म्हणून बांधलेली. आत त्यांनीच मारलेले सील होते, वरच्यावर चिरलेले, सडत पडलेले. त्यांच्यावर स्वयंपाकघरातलं सगळं ओतलेलं. डुकराच्या मांसाचे तुकडे, सॉसेज, केकचा लगदा, तळणीचं तेल. सगळ्यावर गोड पाक. सीलच्या डोळ्यांत व्हॅनिलाची क्रीम गेली होती.

"सडलेल्याचं काही नाही," भाऊजी मला म्हणाले. "सडलेलं मी खूप पाहिलंय. पण त्याला केकचा वास येत होता, व्हेरोना."

ते तडक जहाजावर गेले. डंकन रागावला नाही. त्यानं त्यांना कॉफी दिली. दोघांत जे बोलणं झालं ते भाऊजींनी मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की मला ते शब्दशः पाठ आहे.

"यात कुणाचं काय बिघडलं?" डंकन म्हणाला. "अस्वलाला खायला मिळालं, लोकांना अस्वल मिळालं. हे लोक घरी जाऊन अस्वलांसाठी भांडतात. तुला नकोय का ते?"

"मी ते सील माणसांनी खायला मारले होते."

"मग नको मारूस. स्वयंपाकघरात पुष्कळ असतं."

भाऊजींनी कॉफी तशीच ठेवली, जहाजाचं पिवळं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि घरी आले. संध्याकाळी ते झकारियासकडे गेले. झकारियासनं दार लावून घेतलं. तो म्हणाला की हे वाईटच आहे, आपण बोलू, पण हंगाम संपू दे. गावातल्या किती घरांतली माणसं त्या जहाजावर कामाला आहेत ते तू बघ. भाऊजींनी ऐकलं. त्यांना झकारियासची चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण ऐकून घेताना त्यांना थोडं हायसंही वाटलं होतं. गप्प बसायला कुणीतरी सांगितलं, की गप्प बसणं आपलं राहत नाही. असं ते ताईला म्हणाले. ताई म्हणाली, ते आपलंच राहतं.

ऑगस्ट संपत आला की आम्ही सगळे साराआजीच्या बेटावर जातो. मासे पकडायचे, चिरून काड्यांवर वाळत घालायचे, बेऱ्या गोळा करायच्या. त्या वर्षी आम्ही पाच जण होतो. भाऊजी, ताई, मी, माझा नवरा योनास, आणि अमालिया मावशी. मावशीचे गुडघे गेलेले, पण तिला मागं ठेवायची सोय नाही. होडीतून उचलून आणायची आणि तंबूच्या तोंडाशी गादीवर बसवायची, मग ती तिथून सगळ्यांना कामं सांगायची.

एका सकाळी योनास जाळं बघायला निघाला. त्यानं मोटर चालू केली आणि आवाज खाडीभर घुमला. तेवढ्यात टेकडीवरून अस्वलीण खाली आली.

मी अस्वलं आयुष्यभर पाहत आलेय. मोटरचा आवाज ऐकला की अस्वल जातं. पोहत असेल तर दिशा बदलतं, झोपलं असेल तर उठून चालायला लागतं. ही आवाजाकडं आली. पळत नाही, दबकतही नाही. ताटलीचा आवाज ऐकून कुत्रं येतं तशी. योनासनं होडी काठापासून लांब नेली तशी ती काठापर्यंत गेली, होडीकडं बघत राहिली, आणि मग खाली बसली. वयानं लहान होती, अंगावर चरबी होती, पण केस चिकट आणि पिवळे पडलेले.

भाऊजींनी आरडाओरडा केला, डबे वाजवले. हवेत गोळी झाडली, मग तिच्या पुढ्यातल्या दगडांवर झाडली. दगडाचे तुकडे उडाले तेव्हा ती तिथं हुंगायला गेली. काही टाकलंय का ते बघायला.

"ही वाट बघतेय," ताई हळूच म्हणाली. "बोआस, ही खायला मागतेय."

बराच वेळ तसाच गेला. आम्हाला मावशीला उचलून होडीत न्यायचं होतं, पण होडी पाण्यात आणि अस्वलीण मधे. मग तिला कंटाळा आला असावा. ती उठली, वाळत घातलेल्या माशांकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही, सरळ तंबूकडं चालायला लागली. तिला माणसंच हवी होती, कारण खाणं माणसांकडून येतं. मावशी गादीवर बसली होती. ती ओरडली नाही. तिनं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

भाऊजींनी मधे जाऊन गोळी घातली. इतक्या जवळून की नेम धरावा लागला नाही. अस्वलिणीनं त्यांच्याकडं मान वर करून पाहिलं होतं, हातात काय आहे ते बघायला.

अस्वल मारलं की आमच्याकडे आनंद असतो. त्या दिवशी तो नव्हता. भाऊजींनी वायरलेसवरून गावाला कळवलं आणि सुरी घेतली. कातडं काढेपर्यंत ठीक होतं. पोट फोडलं तेव्हा जो वास आला त्यानं मी दोन पावलं मागं सरले. तो पोटातल्या घाणीचा वास नव्हता. तो हॉटेलच्या मागच्या दाराचा वास होता. जुनं तेल, साखर, साबण. जठरातून निळी दोरी निघाली, हातभर जाळी निघाली. लोण्याच्या चिमुकल्या वड्यांचे चांदीचे कागद निघाले, ओंजळभर. सॉसेजच्या साली, आणि जहाजाचं चित्र छापलेले रुमाल, एकात एक चिकटलेले, हिरवट, लिबलिबीत. आतड्यात एके ठिकाणी दोरीची गाठ अडकून काळी पडली होती. बाहेरून गुबगुबीत दिसत होती तरी ती फार दिवस जगली नसती.

ताईनं एक तुकडा शिजत घातला, कारण मांस टाकायचं कसं? वास तंबूभर पसरला. मावशीनं वाडगं नाकाशी नेलं आणि बाजूला ठेवलं. उपासमारीच्या हिवाळ्यात चामड्याचे बूट उकळून खाल्लेली बाई ती.

"हे जनावर नाही," ती म्हणाली. "मी नाही खाणार."

तेव्हा भाऊजी उठले, पाण्याच्या काठाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि ओकले. आधी सकाळचं बाहेर आलं, मग नुसतं पिवळं पाणी. ताई त्यांच्या मागं उभी राहिली. तिनं पाठीवर हात ठेवला तर त्यांनी तो झटकला. स्वतःच्या अंगाला कुणाचा हात लागलेला त्यांना नको होता. मांस आम्ही दगडाखाली खोल पुरलं. अख्खं अस्वल मातीत घालायची ती आमच्या घरातली पहिलीच वेळ. पोटातलं सगळं मात्र भाऊजींनी इनॅमलच्या घमेल्यात भरलं, वर मीठ टाकलं आणि कापड बांधलं.

वन्यजीव खात्याचा अधिकारी विमानानं यायचा होता, पण धुकं बसलं आणि विमान अडकलं. धुक्यातूनही जहाज मात्र आलं, त्या हंगामातलं शेवटचं. आम्ही गावात परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सभागृहात कार्यक्रम होता. मी मांडामांडीला गेले, ताईही आली. डंकननं मला हात जोडून नाकुम्मेक म्हटलं. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं. झकारियासला होतं, तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. पाहुणे खुर्च्यांवर बसले, बँड सुरू झाला, मोठ्या वाद्याची जागा रिकामी होती.

भाऊजी दारातून आत आले ते घमेलं घेऊन. लांब टेबलापाशी गेले, पावाच्या थाळ्या आणि जॅमच्या वाट्या थोड्या सरकवल्या, मधोमध घमेलं ठेवलं आणि कापड सोडलं. दोन-तीन दिवसांचं ते. वास पुढच्या रांगेपर्यंत जाताना मला दिसला, म्हणजे माणसं कशी एकामागून एक मागं झुकली ते दिसलं. बँड आपोआप थांबला.

"साराआजीच्या बेटावर मी एक अस्वलीण मारली," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "हे तिच्या पोटात होतं. तुम्हाला ती दिसावी म्हणून हे जहाजवाले तिला खायला घालत होते. ती माणसांकडं खायला मागत आली, म्हणून मला मारावी लागली. सुरुवातीला सील मी दिले होते. ते कशाला हवेत ते मला माहीत नव्हतं. कळल्यावरही मी गप्प बसलो."

एवढंच बोलले. एका म्हाताऱ्या पाहुणीनं आपल्या कपाखालचा रुमाल उचलला, घमेल्यातल्या रुमालाकडं पाहिलं, आणि आपला घडी करून टेबलावर उलटा ठेवला.

मग डंकन उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटतं ते खरं होतं. हीच मला सगळ्यात ओंगळ गोष्ट वाटते. तो म्हणाला की बोआसचं दुःख आपण सगळ्यांनी मनात साठवून ठेवायला हवं. आज जगातल्या प्रत्येक समुद्रात माणसाचा कचरा पोचला आहे, अगदी इथंसुद्धा. प्लास्टिकनं किती जीव मरतात ते त्यानं सांगितलं. तो बोलत गेला आणि मी बघत होते, खुर्च्यांवरचे चेहरे हळूहळू सैल पडत गेले. समुद्राचा कचरा त्यांना ओळखीचा होता. त्यात त्यांचं एकट्याचं काही नव्हतं. एक जण उठून घमेल्याचा फोटो काढायला आला. मग दुसरा आला. एका बाईनं भाऊजींना मिठी मारली आणि रडत म्हणाली की मी घरी गेल्यावर सगळ्यांना सांगेन, प्लास्टिक वापरू नका.

"समुद्रानं नाही दिलं हे," भाऊजी म्हणाले. "यानं दिलं." त्यांनी डंकनकडं बोट केलं. पण तोवर खुर्च्या सरकत होत्या, लोक एकमेकांशी बोलत होते. पुढं बसलेल्या दोघा-चौघांनी ऐकलं. त्यातल्या एकानं मान खाली घातली. बाकीचे फोटोसाठी रांग लावून उभे होते, नाकाला रुमाल लावून. तेच रुमाल.

तेव्हा ताबेआताई पुढं झाली. तिनं पावाची पहिली थाळी उचलली, मग दुसरी. जॅमच्या वाट्या उचलल्या. एका माणसाच्या हातात अर्धा खाल्लेला पाव होता, तोही तिनं काढून घेतला. झकारियास कुजबुजला, ठेव ते, लोक बघताहेत.

"बघू देत," ताई म्हणाली. "बघायलाच आलेत."

मी चहाची किटली उचलली. मागून बाकीच्या बायकांनीही. टेबलावर फक्त घमेलं उरलं. पाहुणे थोडा वेळ घुटमळले, मग डंकननं त्यांना होड्यांकडं नेलं. जाताना त्यानं कुणालाच नाकुम्मेक म्हटलं नाही.

अधिकारी आला, त्यानं कवटी आणि कातडं नेलं, दोरी आणि जाळी पिशवीत घालून नेली. भाऊजींनी त्यालाही सगळं सांगितलं, स्वतःची चूक धरून. पुढं चौकशी झाली. जहाजवाल्यांनी कळवलं की हे एका कर्मचाऱ्याच्या अतिउत्साहातून घडलं आणि त्याला काढून टाकलंय. दंड झाला म्हणे. डंकन आता दुसऱ्या कुठल्या तरी जहाजावर, दुसऱ्या किनाऱ्यावर लोकांना प्राणी दाखवतो.

पुढच्या उन्हाळ्यात जहाज पुन्हा आलं, नव्या प्रमुखासह. त्यांच्या चकचकीत पुस्तिकेत भाऊजींचा फोटो होता. समोरचं घमेलं नव्हतं, ते कापून टाकलं होतं. नुसता चेहरा, आणि खाली लिहिलेलं, उत्तरेचा रखवालदार. झकारियासनं ती पुस्तिका कौतुकानं आणून दाखवली. त्याला खरंच वाटलं होतं की भाऊजींना आवडेल. भाऊजींनी पाहिली, दारात जाऊन थुंकले, आणि पुस्तिका त्याच्या हातात परत दिली. अजून दोघं चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात, पण मधे ताई बसते.

भाऊजी आता गावाच्या कचराडेपोवर काम करतात. ते काम त्यांनी मागून घेतलं. रोज सगळा कचरा मातीखाली दाबतात, भोवती कुंपण घातलंय. अस्वलाचं मांस कुणी वाटलं तर ते मानानं घेतात आणि आमच्याकडं पाठवतात, त्यांच्या गळ्याखाली उतरत नाही. सील खातात. बँडमध्ये पुन्हा वाजवायला लागलेत.

पण त्या खाडीत चटावलेली ती एकटीच नव्हती. अजून काही अस्वलं होडीचा आवाज ऐकून किनाऱ्याला येतात. म्हणून जूनमध्ये बर्फ सुटला की भाऊजी, योनास आणि आणखी दोघं होड्या घेऊन फिरतात. अस्वल जवळ आलं की रबरी गोळ्या मारतात, फटाके फोडतात, पळून जाईपर्यंत त्याच्या मागं लागतात. मी एकदा सोबत गेले होते. बघवत नाही. मोठं जनावर जिवाच्या आकांतानं दगडांवरून घसरत, मुतत पळतं, आणि मागून चार माणसं शिव्या देतात. भाऊजी सगळ्यात मोठ्यानं देतात.

गेल्या जूनमध्ये मी होडीत असताना एक तरणा नर असाच आला. दोन गोळ्या ढुंगणावर बसल्या तरी थांबला, हुंगत राहिला. तिसऱ्या गोळीला वळला आणि टेकडीपलीकडं गेला. भाऊजींनी मोटर बंद केली. बराच वेळ आम्ही पाण्यावर तसेच थांबलो. मग त्यांनी मोटर पुन्हा चालू केली, मुद्दाम मोठ्यानं, आणि टेकडीकडं बघत राहिले. काही आलं नाही.

"चला," ते म्हणाले. "जाळं बघून येऊ."